मगरे सरांच्या सर्व्हरची पोच

जालन्यात मस्तगडला संपत मगरे सरांचं घराला लागूनच वर्कशॉप आहे. बियाण्याच्या कंपन्यांना दाणा निवडायला ज्या मोठ्या लोखंडी चाळण्या लागतात, त्या तिथं बनतात. त्याच वर्कशॉपच्या कोपऱ्यात, जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर, एक काळा संगणक दिवसरात्र घुंघुं करत असतो. तो सरांचा स्वतःचा मेल सर्व्हर. म्हणजे काय असं कुणी विचारलं की सर सांगतात, "आपलं सोताचं पोस्ट ऑफिस. पोस्टमनबी आपलाच, पेटीबी आपलीच."

जगात मेल फुकट मिळतो आणि दूधवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे तो वापरतात, हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. शेजारचे गिरिधरराव परतूरकर तर हे त्यांना रोज चहाबरोबर सांगायचे. पण सरांचं म्हणणं एकच, की फुकटचं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं. मास्तरकीच्या पहिल्या वर्षांत सरांनी भाड्याच्या खोल्या पुष्कळ शोधल्या होत्या. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की ती नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. तेव्हापासून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचा त्यांना कंटाळा आहे. हे ते बोलून दाखवत नाहीत, आपण समजून घ्यायचं.

आता या पोस्ट ऑफिसात सरांनी एक खास सोय करून घेतली होती, ती पोचेची. मगरेंच्या घरात पोच ही फार मोठी गोष्ट आहे. कुणी शहागडला जरी गेलं तरी उतरल्या उतरल्या फोन येतो, "पोचलो." डबा पाठवला तर डबा पोचल्याचा फोन, फोन लागला नाही तर फोन लागला नव्हता हे सांगणारा फोन. वडीगोद्रीच्या शाळेत असताना पंचायत समितीचा कसलाही कागद आला तरी सर त्याची पोच धाडायचे, आणि पंचायत समितीत त्या पोचा कुठं ठेवायच्या यावर एकदा चर्चा झाली होती म्हणतात. तेव्हा सर्व्हर बसवायला आलेल्या कारागिराला सरांनी सांगितलं, की आलेल्या प्रत्येक मेलला यंत्रानं आपणहून पोच द्यायची. मजकूरही सरांनीच लिहून दिला:

"सप्रेम जयभीम. आपले पत्र मिळाले, आनंद झाला. कामाचे लवकरच कळवतो. घरातील वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आपला, सं. रा. मगरे, प्रज्ञा चाळणी वर्क्स, जालना."

कारागीर जरा शहाणा होता. त्यानं यंत्रात अशी मेख मारून ठेवली होती, की एका माणसाला आठवड्यातून एकदाच पोच जावी. सरांनी ती काढायला लावली. "आठ पत्रं आली तर आठ पोचा," ते म्हणाले, "एकाला पोच देयाची आन् साताला न्हाई, हा कुठला न्याय?" कारागिरानं खांदे उडवले, मेख काढली आणि तो संभाजीनगरला निघून गेला. पोचल्याचा फोन त्यानं काही केला नाही, हे सरांनी मनात ठेवलं.

असं सगळं छान चाललेलं. कामच तेवढं कमी होतं. सरांच्या मंडळी बेबीनंदाताई वर्कशॉपचा सगळा व्यवहार बघायच्या, आणि त्यांनी गणपतीत एक दिवस पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं होतं, "दिवाळीपोत्तर एक मोठं काम आलं तर बराबर. न्हाई आलं तर मशिनी विकायच्या आन् वडीगोद्रीला जायचं. माझ्या भावानं हायवेला गाळा घेऊन ठेवलाय, तिथं हार्डवेअर टाकू." आवाज चढवून सांगितलं असतं तर सरांनी वाद घातला असता. पण ताईंनी ते भाजीत मीठ किती हे सांगावं तसं सांगितलं, म्हणून सर घाबरले. शाळेची नोकरी मुदतीच्या आधी सोडून त्यांनी हे वर्कशॉप उभं केलं होतं. खिळे-मोळे विकायला काही ती सोडली नव्हती.

आणि मोठं काम आलं. एमआयडीसीतल्या सुवर्णकणीस सीड्सला अख्ख्या प्लँटच्या चाळण्या बदलायच्या होत्या. तिथल्या खरेदी विभागातल्या प्रीती मॅडमनी फोन करून सांगितलं, सर, दर आणि ड्रॉइंग येत्या सोमवारी संध्याकाळपर्यंत मेलनं पाठवा. नोंदणी करताना जो पत्ता दिला होता त्याच पत्त्यावरून. सरांनी ड्रॉइंग केलं, दर लावले, ताईंनी दर तपासून दोन ठिकाणी दुरुस्त केले, आणि सरांनी बटण दाबलं.

उत्तर आलं नाही. सर दिवसभर वाट बघत बसले. पोच नाही म्हणजे काय, त्यांना कळेना. त्यांनी दुसरा मेल टाकला, पहिला मिळाला का हे विचारायला. मग तिसरा, दुसरा मिळाला का म्हणून. शेवटी फोन केला. प्रीती मॅडम म्हणाल्या, "सर, एकही आला नाही."

आता मस्तगड ते एमआयडीसी स्कूटरवर कितीसं अंतर. सर कागद घेऊन थेट जाऊन उभे राहिले. प्रीती मॅडम भल्या बाई. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पण कागद काही घेतला नाही. "हैदराबादच्या हेड ऑफिसचा नियम आहे सर. मेलवर आलं तरच सिस्टिमला चढतं. आणि वेगळ्या पत्त्यावरून आलं तर सिस्टिम घेत नाही."

"मंग पत्ता बदलून द्या."

"त्याचा अर्ज जुन्या पत्त्यावरून मेल करावा लागतो."

सरांनी तिथंच फोन काढला आणि बसल्या जागेवरून मेल पाठवला. दोघंही मॅडमच्या स्क्रीनकडे बघत बसले. टेबलाच्या या बाजूनं निघालेला मेल टेबलाच्या त्या बाजूला यायचा होता, मध्ये एक पेपरवेट आणि पाण्याचा ग्लास. स्क्रीनवर काही हललं नाही. सरांचा फोन मात्र वाजला. मेल परत आला होता, वर इंग्रजीत चिठ्ठी लावून. सरांनी ती वाचली, चष्मा पुसून परत वाचली. चिठ्ठीत म्हटलं होतं, की आपला सर्व्हर ज्या पत्त्यावर राहतो तो पत्ता काळ्या यादीत आहे, सबब आपलं पत्र आत घेता येत नाही. आधीच्या तिन्ही मेलच्याही अशाच चिठ्ठ्या आल्या होत्या, पण रोजच्या फालतू मेलच्या ढिगात त्या सरांना दिसल्याच नव्हत्या.

सर उठले. भर उन्हात स्कूटर चालवताना त्यांना एकच गोष्ट जाणवत होती, की हे दार आपल्या ओळखीचं आहे. आपण काय लिहिलंय ते कुणी वाचलंसुद्धा नाही, नुसता पत्ता बघितला आणि कडी लावली. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

घरी गिरिधरराव बसलेलेच होते. गिरिधरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही बिघाड शेवटी वायरच्या जोडात निघतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. परवा त्यांच्या सुनेला पित्त झालं तेव्हाही ते आधी मिक्सरची वायर बघून आले होते. सरांनी काळ्या यादीचं सांगितलं तर ते हसले.

"यादी-बिदी काई न्हाई सर. सिग्नल कटून राह्यला. पावसात जोडात पाणी गेल्तं. शिडी आहे का?"

शिडी होती. नसती तर बरं झालं असतं. दोघं गच्चीवर चढले, गिरिधररावांनी एका काळ्या वायरीचे तीन जोड सोडले, तोंडानं फुंकर मारून परत बांधले, आणि खाली येऊन हात धुतले. मेल काही गेला नाही, पण गल्लीतल्या सगळ्या घरांतला टीव्ही बंद झाला. ती वायर केबलवाल्याची होती. वेळ बायकांच्या मालिकांची. थोड्याच वेळात मगरेंच्या ओट्यापुढं बाया जमल्या, त्यात गिरिधररावांच्या मंडळी रमाबाई सगळ्यात पुढं.

"सर, तुमचं काय चालून राह्यलंय?" त्यांनी विचारलं.

"मेल जाईना आमचा."

"का बरं?"

यावर गिरिधररावांनी आपल्यावर येणारा ठपका टाळण्यासाठी जे उत्तर दिलं ते द्यायला नको होतं. ते म्हणाले, "काई न्हाई, सरांचं नाव काळ्या यादीत आलंय."

बाया शांतपणे घरी गेल्या. पण मस्तगडात अशी बातमी शांत बसत नाही. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार सरांशी जरा जास्तच अदबीनं बोलला. तिसऱ्या गल्लीतला एक जण विचारून गेला, की वर्कशॉपची जागा काढणार असाल तर आधी मला सांगा. संध्याकाळी विहाराच्या समितीचे रखमाजी बापू स्वतः आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि निघताना सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, समाज तुमच्या पाठीशी आहे. माझ्या भाच्याचा वकील लई चांगला आहे. जामीन बिलकुल करून देतो."

सरांनी त्यांना सर्व्हर, पत्ता, मेल हे सगळं नीट समजावून सांगितलं. बापूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण वकील बघून ठेवू." इतक्या वर्षांच्या नोकरीत सरांच्या सेवापुस्तकात एक शेरा नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बेबीनंदाताईंनी ताट झाकून ठेवलं आणि विचारलं, "ही यादी लावतं कोण?"

"माहीत न्हाई. पण सर्व्हरचा तो पत्ता दिलाय नेटवाल्या कंपनीनं. त्यांनाच इचारतो."

नेटवाल्या कंपनीचं ऑफिस शनिवारी अर्धा दिवस उघडं असतं. काउंटरवरच्या मुलीनं सरांचं सगळं म्हणणं ऐकलं आणि छापील आवाजात सांगितलं, "तक्रार मेलनं करा."

"बाई, माझा मेल जात न्हाई हीच तक्रार आहे."

"हो सर. ती मेलनं करा."

"मी समोर उभा आहे तुमच्या. कागदावर लिहून आणलंय, खाली सही आहे."

"कागदाला नंबर पडत नाही सर. मेल आला की नंबर पडतो, नंबर पडला की आमचे मुकुल सर बघतात."

मुकुल सर कुठं आहेत विचारलं तर साइटवर. साइट कुठं आहे विचारलं तर तिला माहीत नव्हतं. सरांना शाळेची आठवण झाली. गैरहजर मुलांनी हात वर करा असं त्यांनीही एकदा चुकून म्हटलं होतं, पण ते चुकून.

रविवारी सकाळी घरात गडबड होती. शहागडला सरांच्या भाचीचा साखरपुडा होता. सरांचं लक्ष नव्हतं, सोमवार डोक्यावर होता, पण मामा म्हटल्यावर जाणं भाग. निघता निघता गिरिधरराव नेटचं बिल हातात घेऊन आले. केबलच्या प्रकरणापासून ते जरा नरम होते. बिलाच्या मागं बारीक अक्षरात तक्रारीचा एक मेल पत्ता त्यांनी शोधून काढला होता.

"याच्यावर टाकून बघा सर. तुमचं यंत्र त्यांच्याच लायनीवर आहे. घरातल्या घरात कोण अडवतंय?"

टेलिफोन खात्यातल्या सगळ्या वर्षांत नसतील तेवढे ते या एका गोष्टीत बरोबर निघाले. सरांनी बूट घालता घालता चार ओळींची तक्रार टाकली, आणि मंडळी शहागडच्या वाटेला लागली. उतरल्यावर सरांनी गिरिधररावांना फोन केला, "पोचलो."

साखरपुडा चांगला झाला. जेवणात बुंदी होती. सरांनी नवऱ्या मुलाच्या काकांना मेल सर्व्हरची सगळी हकीकत ऐकवली, काकांनी जागा बदलून घेतली. परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या. बस वडीगोद्रीतून जाताना त्यांनी बाहेर बोट केलं. "तो बघा गाळा. निळं शटर." सरांनी बघितलं. शटर चांगलं होतं, जागा मोक्याची होती, आणि सरांना ती जागा अजिबात बघवली नाही.

ऊन कलताना घरी आले तर ओट्यावर गिरिधरराव, आणि त्यांच्या शेजारी एक घामाघूम तरुण माणूस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्याच्या हातातला मोबाइल सारखा थरथरत होता. सरांना बघून तो ताडकन उठला.

"मगरे सर तुम्हीच का? मी मुकुल. सर, हात जोडतो, आधी ते मशीन बंद करा."

"का? माझी तक्रार पोचली का?"

"एक नाही सर, हजारो पोचल्या. सकाळपासून."

मग मुकुलनं सांगितलं ते असं. सरांची तक्रार सकाळी पोचली. तिला नंबर पडला. कंपनीच्या यंत्रानं सरांना कळवलं, आपली तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद. सरांच्या यंत्राला हे पत्र मिळालं. त्याला आनंद झाला. त्यानं पोच दिली. कंपनीच्या यंत्राला वाटलं ही नवी तक्रार. त्यानं तिलाही नंबर दिला आणि तसं कळवलं. सरांच्या यंत्राला परत आनंद झाला. सर साखरपुड्यात बुंदी खात असताना ही दोन यंत्रं एकमेकांचे आभार मानत बसली होती, आणि कुणीच मागं हटायला तयार नव्हतं. प्रत्येक तक्रारीमागं मुकुलच्या मोबाइलवर एक संदेश येत होता. दुपारी जिल्ह्याचं तक्रार खातं पार तुंबलं, तेव्हा पुण्याच्या साहेबांनी मुकुलला जेवणावरून उठवलं आणि म्हणाले, जालन्यात कुणी मगरे म्हणून आहेत, त्यांना आधी शांत कर.

मुकुलनं मोबाइल पुढं केला. आपले पत्र मिळाले, आनंद झाला. आपले पत्र मिळाले, आनंद झाला. बोटानं कितीही वर सरकवलं तरी आनंद संपत नव्हता.

सर आत गेले आणि त्यांनी सर्व्हर बंद केला. घुंघुं थांबली. बाहेर मुकुलचा मोबाइलही थांबला.

"आता काळ्या यादीचं बोला," सर म्हणाले. "माझा पत्ता खराब कशानं झाला?"

"त्याच्यानंच सर, पोचेनं." मुकुल ताईंनी दिलेलं पाणी घटाघटा प्यायला. "तुमच्याकडं दिवसाला ढीगभर फालतू मेल येतात. लॉटरी लागली, गोळ्या घ्या, असले. ते चोरांचे असतात. चोर काय सोताचं नाव टाकत न्हाई, कुणातरी भल्या माणसाचं टाकतो. तुमचं यंत्र पोच देतं ती त्या भल्या माणसाला. त्यानं पत्र लिहिलेलंच न्हाई. मी यादीवाल्यांकडं बघितलं, ब्राझीलच्या एका दातांच्या डॉक्टरनं तुमची तक्रार केलीय. त्याला तुम्ही सारखा नमस्कार करून राह्यले."

"वडीलधाऱ्यांना," सर हळूच म्हणाले. "लहानांना आशीर्वाद."

बेबीनंदाताईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरलं नाही. गिरिधररावही हसले. सर तेवढे हसले नाहीत. त्यांना इतके दिवस वाटत होतं, की आपल्याला परत कुणीतरी पत्ता बघून हाकललं. आणि इथं निघालं काय, तर आपणच जगभर लोकांची दारं वाजवत सुटलो होतो. एका अर्थी बरं वाटलं. एका अर्थी फारच लाज वाटली.

"उद्या संध्याकाळच्या आत माझा एक मेल गेला पायजे," ते म्हणाले. "न्हाई गेला तर हे सगळं विकावं लागंल."

मुकुलनं एकदा वर्कशॉपकडे बघितलं, एकदा आपल्या शांत झालेल्या मोबाइलकडे. "आमच्याकडं सर्व्हरच्या पत्त्याचा दुसरा एक नंबर शिल्लक आहे सर. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार न्हाई. तो तुम्हाला देतो, सकाळी जल्दी लावून देतो. जुन्याचं यादीतून नाव काढायला अर्जबी करतो. फक्त ती पोच बंद पायजे."

"नाव तेच राहतंय ना? सर्व्हरचं? आमचं?"

"नाव तेच सर. फक्त घर नंबर बदलतो."

"मंग चालंल," सर म्हणाले, आणि पोचेचा मजकूर त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला. एकेक अक्षर मागं मागं जात पुसला. जयभीमपाशी आल्यावर जरा थांबले, मग तेही पुसलं.

सोमवारी दर आणि ड्रॉइंग गेलं. सर स्क्रीनसमोर बसून राहिले. चहा गार झाला. बेबीनंदाताई दारात उभ्या राहिल्या. शेवटी फोन वाजला.

"सर, आला मेल," प्रीती मॅडम म्हणाल्या. "सिस्टिमला चढला. मी तसं उलट कळवलं पण तुम्हाला."

"मिळालं मॅडम. आभारी आहे."

"मग तुमची पोच कशी आली नाही?"

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नोंदणीच्या वेळी दर मेलला यायची ना," मॅडम म्हणाल्या. "मी घरी जाऊन सासूबाईंना सांगायचे, मगरे सरांनी नमस्कार सांगितलाय. त्या परवा विचारत होत्या, तुझे ते सर बरे आहेत ना, बऱ्याच दिवसांत नमस्कार नाही आला."

सरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ ते उगीच चष्मा पुसत बसले. ताईंनी काय झालं विचारलं तर म्हणाले, काई न्हाई, मेल पोचला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुवर्णकणीस सीड्सची ऑर्डर आली, मेलवरच. ताईंनी ती दोनदा वाचली, भावाला वडीगोद्रीला फोन लावला आणि तो गाळा भाड्यानं देऊन टाक म्हणून सांगितलं, तेही भाजीत मीठ किती हे सांगावं तसं. मग त्या चाळण्यांना लागणाऱ्या पत्र्याची चौकशी करायला बाहेर पडल्या. ऑर्डरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हा मेल यंत्राने पाठवला आहे, कृपया यास उत्तर देऊ नये.

"असं कुठं असतंय का," सर स्वतःशीच म्हणाले. त्यांनी प्रीती मॅडमचा पत्ता घातला, खुर्ची पुढं ओढली आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टंकायला घेतलं. सप्रेम जयभीम. आपले पत्र मिळाले, आनंद झाला. सासूबाईंना नमस्कार. मेल गेल्याबरोबर त्यांनी मॅडमना फोन लावला, पोच पोचली का ते विचारायला.